रिकाम्या होल्डरचं गुपित

"स्टार्टर!" शिडीवरून मावशी ओरडली आणि तिने हात खाली केला.

खालून दोन हात एकदमच वर गेले. एक ठिणगीचा, दुसरा चष्मिसचा. दोन्ही हातांत अंगठ्याएवढी एकेक पांढरी डबी.

मावशीने वाकून पाहिलं. "वाचून कुणी दिलाय?"

"मी, आत्या!" चष्मिस म्हणाला. "जोडीचाच आहे. बाजूला बारीक अक्षरांत छापलंय."

"मग तुझाच दे."

झालं! ठिणगीचा हात वरच्या वर लटकत राहिला. बाजूला उभ्या असलेल्या ढब्बूने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, फिस्सकन हसून घेतलं. ठिणगीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं उरलेलं हसू घशातच अडकलं.

गेली चार वर्षं मावशीची शिडी धरायचा मान ठिणगीचा होता. मावशीचं विजेच्या कामांचं दुकान घराच्या खालच्याच मजल्यावर. शाळा सुटली की दप्तर वर आणि ठिणगी खाली! हे नावही मावशीनेच ठेवलेलं. पाच वर्षांची असताना ठिणगीने बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना लावल्या होत्या. चर्रकन ठिणगी उडाली, तेव्हा रडायचं सोडून ही बया म्हणाली, "आणखी एकदा!" त्या दिवसापासून खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं.

आणि या सुट्टीत आला मामाचा मुलगा. चष्मिस! ठिणगीची मावशी ती त्याची आत्या. आठ दिवसांत या मुलाने सगळ्यांना खिशात टाकलं. जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो, मोठ्यांना उलट बोलत नाही, आणि मावशीला आताशा दिसेनाशी झालेली बारीक अक्षरं घडाघडा वाचतो. कहर म्हणजे, मावशीने तिचा जुना टेस्टर त्याला खिशाला लावायला दिला. तोच टेस्टर ठिणगी तीन वर्षं मागत होती! 'मोठी झालीस की' असं उत्तर मिळत होतं. चष्मिस तिच्याहून फक्त चार महिन्यांनी मोठा होता.

ठिणगीला त्याचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही, अंगाचा तिळपापड होईल असा! तो खोकला तरी तिला राग यायचा.

आज सोमवार. टेबल टेनिसच्या हॉलमधलं काम मावशीला मिळालं होतं. आजवरचं सगळ्यात मोठं काम! चेंडू नीट दिसावा म्हणून हॉलच्या खिडक्या कायमच्या झाकलेल्या, त्यामुळे दिवसाही सगळा कारभार ट्यूबच्या उजेडावर. सहा टेबलं. प्रत्येक टेबलाच्या वर, छताला दोन आखूड ट्यूबची जोडी, आणि भिंतींना दहा लांब ट्यूब. सगळ्या ट्यूब नव्या, स्टार्टर नवे. रविवारी मुलांच्या सामन्यांना सुरुवात होणार होती. काम चोख झालं तर पुढे शाळेचं आणि दवाखान्याचं कामही मावशीलाच मिळणार होतं.

"मावशी, ही डबी नेमकं करते काय गं?" ढब्बूने विचारलं.

ठिणगीने तोंड उघडलं. हे तर तिचं पाठ!

"सांग रे त्याला," मावशी चष्मिसला म्हणाली.

"नुसती वीज दिली की ट्यूब पेटत नाही," चष्मिसने सुरू केलं. "तिच्या दोन्ही टोकांना तारा असतात, त्या आधी तापाव्या लागतात. स्टार्टरमध्ये एक पट्टी आहे. बटण दाबलं की ती गरम होऊन वाकते आणि चिकटते. तारांमधून वीज धावते, तारा तापतात. तोवर पट्टी गार होऊन सुटते. ती सुटली रे सुटली, की हा जो जड चोक आहे ना, तो असा दणका देतो की ट्यूब पेटलीच!"

"आणि टेबलावरच्या जोडीला वेगळा स्टार्टर लागतो," ठिणगी घाईघाईने मध्ये घुसली. "दोन ट्यूब एकाच चोकवर असतात. वीज दोघींत वाटली जाते. एकट्या ट्यूबचा स्टार्टर तिथे लावला तर तो ढिम्म हलत नाही!"

"मी तेच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलू दिलंस कुठे?"

"अरे, भांडायला वेगळं भाडं देऊन हॉल घ्या!" मावशी वरून हसली.

तेवढ्यात हॉलचे व्यवस्थापक हात मागे बांधून आले. मुलं त्यांना काटकसरकाका म्हणत. वापरलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचे, पेन्सिलीचा तुकडा बोटात मावेनासा झाला की त्याला पुठ्ठ्याची शेपटी जोडायचे आणि फुटलेले चेंडूही 'कधीतरी लागतील' म्हणून डब्यात साठवायचे. माणूस वाईट नव्हता, पण कुणी नळ अर्धा मिनिट जास्त सोडला तर त्यांच्या छातीत धडधडायचं.

"ट्यूब एकदा पेटली," त्यांनी वर बघत विचारलं, "की मग या डबीचं काम काय?"

"काही नाही!" मावशी स्टार्टर पिळून बसवता बसवता म्हणाली. "मग ती दिवसभर झोपा काढते!"

"झोपा काढते?" काटकसरकाकांच्या भुवया कपाळभर चढल्या. "वर लटकून? दिवसभर?"

मावशी हसली. सगळेच हसले. काटकसरकाका मात्र हसले नाहीत. ते विचार करत निघून गेले, आणि तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

मंगळवारी सकाळीच हॉलमधून फोन आला. तीन टेबलांवर अंधार!

"नवं काम आणि दुसऱ्याच दिवशी ही तऱ्हा?" काटकसरकाका दारातच गरजले.

मावशीने दोन नंबरच्या टेबलाचं बटण बंद केलं, शिडी चढली, स्टार्टर काढून खाली दिला. चष्मिसने तो चष्म्याजवळ धरला आणि त्याचा चेहरा पडला.

"आत्या, हा एकट्या ट्यूबचा आहे."

"काय?"

"पण मी काल जोडीचाच दिला होता! अगदी नक्की!"

"असू दे. चुकून झालं असेल," मावशी म्हणाली. तिन्ही टेबलांवर तिने नवे स्टार्टर बसवले. ट्यूब लखकन पेटल्या. ठिणगीला मनातून गुदगुल्या झाल्या. वाच आता बारीक अक्षरं!

पण बुधवारी पुन्हा फोन! आज दुसऱ्याच दोन टेबलांवर अंधार होता.

मावशी शिडीवर होती, चष्मिस घाबरून डबे चाळत होता. ठिणगीला काहीच काम नव्हतं. हात बांधून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि कंटाळून वर बघू लागली. वास्तविक पेटलेल्या ट्यूबकडे कुणी बघत नाही, डोळे दिपतात. पण माणूस रुसला की कुठेही बघतो. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि ती दचकलीच!

ट्यूब छान पेटलेली होती. पण तिच्या पट्टीवर, स्टार्टरच्या जागी, नुसतं रिकामं होल्डर होतं!

तिने पुढची ट्यूब पाहिली. रिकामं! पुढची? रिकामं! दहाच्या दहा लांब ट्यूब झगझगत होत्या आणि एकीलाही स्टार्टर नव्हता. टेबलांवरच्या पेटलेल्या जोड्यांचीही तीच गत. स्टार्टर होते ते फक्त न पेटलेल्या दोन टेबलांवर.

ठिणगीला आठवलं. दोन वर्षांपूर्वी मावशीने स्वयंपाकघरातल्या पेटलेल्या ट्यूबचा स्टार्टर काढून दाखवला होता आणि ट्यूब तशीच जळत राहिली होती. "बघ, उठवणारा गेला तरी ही जागीच!" पण सोमवारी तर सगळे स्टार्टर जागेवर होते. मग हे कुणी काढले? आणि रोज सकाळी ट्यूब पेटतात कशा?

"मावश..." ती ओरडणार होती. आणि तिथेच थांबली.

आता सांगितलं तर काय होणार? चष्मिस चष्मा सावरणार, दोन प्रश्न विचारणार, आणि सगळं कोडं सोडवून मोकळा होणार. मग आत्याचा लाडका आणखी लाडका! नाही. हे मी शोधणार. एकटी!

तेवढ्यात वरून मावशीचा आवाज आला. असा आवाज मुलांनी कधी ऐकला नव्हता.

"पुन्हा एकट्याचा स्टार्टर! अरे, काल चुकलं तेव्हा मी बोलले का? आज काय म्हणू? त्या चष्म्यातून तू बघतोस तरी काय?"

"आत्या, मी खरंच..."

"ठेव तो डबा. जा, बाहेर बस जाऊन."

चष्मिसचे कान लाल झाले. त्याने डबा खाली ठेवला, खिशातला टेस्टर काढून डब्यावर आडवा ठेवला, आणि तो बाहेर गेला.

ठिणगीला सगळं दिसत होतं. एक वाक्य बोलली असती तर पुरे होतं. पण ती मूग गिळून गप्प बसली.

"ठिणगे, ये गं. धर शिडी," मावशी म्हणाली.

ठिणगीने शिडी धरली. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला ती शिडी धरून बरं वाटलं नाही. पण तिने ते स्वतःलाही कबूल केलं नाही.

गुरुवारी काय व्हायचं ते झालंच. पुन्हा तीच दोन टेबलं बंद! आणि या वेळी प्रत्येक स्टार्टर ठिणगीने स्वतः वाचून, दोनदा वाचून दिलेला होता.

"झालं तेवढं पुरे!" काटकसरकाकांनी कागद फडकवला. एका बाजूला त्यांच्या नातवाची गणितं, दुसऱ्या बाजूला तक्रार. "शनिवारी हॉलच्या समितीसमोर ठेवतो हे. हलका माल लावायचा आणि वर पोरांवर ढकलायचं!"

मावशीने हत्यारं पिशवीत भरली आणि ती घरी निघाली. संध्याकाळी ठिणगी दुकानात डोकावली, तर मावशी दिवा न लावता टेबलाशी बसली होती. समोर एक पत्र होतं. ठिणगीने ते दारातल्या उजेडात धरून वाचलं.

'चूक माझीच आहे. मला आता बारीक अक्षरं दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते काम मी घ्यायला नको होतं. हॉलचं काम मी सोडत आहे.'

"मावशी, हे नको देऊस!"

"शनिवारी देणार आहे," मावशी शांतपणे म्हणाली. "हॉलचं गेलं की शाळेचं आणि दवाखान्याचंही जाईल. जाऊ दे. त्या पोराला उगीच बोलले मी. तुझ्याही हातून तेच झालं, म्हणजे दोष माझाच नाही का?"

ठिणगी जिना चढून वर गेली. चष्मिस पिशवी भरत बसला होता. शर्टांच्या घड्या अगदी नीटनेटक्या. घरी पत्र न लिहिता, फोन न करता निघायची तयारी!

"तू कुठे चाललास?"

"घरी. तुला बरंच वाटेल."

बुधवारी वाटलं असतं. आज ठिणगी त्याच्या पिशवीसमोर बसली. "ऐक. तू एकही स्टार्टर चुकीचा दिला नव्हतास. आणि मला ते माहीत होतं. बुधवारपासून."

मग तिने सगळं सांगितलं. रिकामी होल्डर, पेटलेल्या ट्यूब आणि स्वतःचं गप्प बसणं. सांगताना तिने नजर जमिनीवर ठेवली होती.

चष्मिसने हातातला शर्ट खाली ठेवला. मग म्हणाला, "का?"

"मावशी तुझ्याकडूनच सगळं घेते म्हणून. तुला टेस्टर दिला म्हणून. मला तुझा राग येत होता. इतका, की तुला ओरडा बसला तेव्हा मला आधी बरं वाटलं."

"दुष्ट आहेस तू!"

"आहे."

"महादुष्ट!" तो उठला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि एकदम थांबला. "थांब. सगळ्या ट्यूबचे स्टार्टर गायब? पेटलेल्या सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"म्हणजे कुणीतरी रोज सकाळी ते लावतं, ट्यूब पेटल्या की काढून ठेवतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावताना..."

"...जोडीचे आणि एकट्याचे एकत्र कालवतं!" ठिणगीने वाक्य पुरं केलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राग गेला नव्हता. पण रागवायला आता वेळ कुणाला होता?

"पण एवढ्या उंचावर हात पोचतो कुणाचा?" चष्मिस म्हणाला. "रोज शिडी लावायची तर तास जाईल."

"मी सांगू?" दाराआडून ढब्बू उगवला. हा मुलगा दाराआड नाही असं कधी झालंय? "हॉलच्या बागेतले माळीबुवा काल चिडले होते. पाण्याचा पाइप कुणीतरी वीतभर कापून नेलाय. हिरवा, जाड. त्याचं तोंड बरोब्बर एवढं!" त्याने बोटांचं गोल कडं केलं.

ठिणगीने खिशातून मंगळवारचा काढून टाकलेला स्टार्टर काढला. पांढऱ्या डबीवर गोल, हिरवट डाग होता. तीन दिवस तो तिच्या खिशात होता आणि तिच्या लक्षात आलं नव्हतं!

"बांबूच्या टोकाला पाइपचा तुकडा!" ती किंचाळली. "डबीवर दाबायचा, पिळायचा, ओढायचा!"

"आत्ता पेटली तुझी ट्यूब," चष्मिस म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच तिला चिडवत होता.

शुक्रवारी सकाळी हॉल उघडायच्या वेळेला तिघं मागच्या दाराने आत शिरली आणि रचून ठेवलेल्या खुर्च्यांमागे दडली. ढब्बूला शिंक आली. ठिणगीने त्याचं नाक असं दाबलं की डोळ्यांतून पाणी आलं, पण शिंक परत गेली.

काटकसरकाका गुणगुणत आले. कोपऱ्यातला बांबू घेतला. त्याच्या टोकाला हिरवा पाइप! टेबलाच्या खणातून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून हाताला येईल तो स्टार्टर घेऊन पाइपात खोचत, एकेका होल्डरमध्ये बसवत सुटले. जोडीचा कुठला, एकट्याचा कुठला, काही विचारू नका! मग बटणं दाबली. ट्यूब फडफडल्या, पेटल्या. एक टेबल तेवढं काळंठिक्कर.

"हलका माल!" काका स्वतःशीच पुटपुटले. मग बांबू उचलून पेटलेल्या एकेका ट्यूबचा स्टार्टर त्यांनी काढला आणि डब्यात टाकला. खुळुक! खुळुक! खुळुक! "बस झाल्या झोपा. विसावा घ्या डब्यात. दहा वर्षं टिकाल!"

खुर्च्यांमागे ढब्बूने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"आत्ताच्या आत्ता आत्याला सांगू," बाहेर आल्यावर चष्मिस म्हणाला. "पण समिती आपलं ऐकेल? काका म्हणतील, पोरं खोटं बोलतात."

"आपण सांगायचंच नाही," ठिणगी म्हणाली. "ट्यूबच सांगतील. सगळ्या पेटलेल्या असताना एकदा मेन स्विच बंद करून परत लावायचा. बस्स!"

चष्मिसने पायाने एक खडा उडवला. "हे मला सुचायला हवं होतं," तो म्हणाला, आणि ते इतक्या कडवट सुरात म्हणाला की ठिणगीने चमकून पाहिलं. अरे वा! म्हणजे हेवा त्यालाही वाटतो!

मावशीला सांगणं मात्र सोपं नव्हतं. ठिणगीने काहीही वगळलं नाही, बुधवारही नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग चष्मिसला जवळ ओढून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "चुकले रे मी," एवढंच म्हणाली. ठिणगीकडे वळून तिने तिला हाक मारली. खऱ्या नावाने! शाळेच्या हजेरीतल्या! "जेवून घे," ती म्हणाली, "आणि झोप."

त्यापेक्षा दोन धपाटे घातले असते तरी परवडलं असतं.

शनिवारी दुपारी समितीचे पाच जण हॉलमध्ये बसले. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला तरी मोठी माणसं सरळ बसत. काटकसरकाकांनी तक्रार वाचली. चुकून आधी गणितांची बाजू वाचली, मग कागद उलटला. मावशी शेजारी उभी होती. राजीनाम्याचं पत्र तिने घरीच फाडलं होतं.

"तुम्हाला काही सांगायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ही मुलं विचारतील," मावशी म्हणाली.

ठिणगी पुढे झाली. "काका, आज सगळ्या ट्यूब चांगल्या आहेत ना?"

"आज आहेत. नशीब!" आज योगायोगाने साऱ्या ट्यूब पेटल्या होत्या.

"आणि यांना हात फक्त आत्याच लावते ना?" चष्मिसने विचारलं.

काकांनी घसा खाकरला. "अर्थात. समितीचा नियमच आहे तसा."

"मग मेन स्विच बंद करून परत लावला, तर सगळ्या पुन्हा पेटतील ना?"

काटकसरकाकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मेन? कशाला? उगीच... नको! मशिनरी आहे, बिघडेल! वीज वाया जाईल!"

"बंद केल्यावर वीज वाया कशी जाईल?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "करा हो बंद."

मावशीने खटका ओढला. हॉल काळोखात बुडाला. दारातून उजेडाची एक पट्टी तेवढी आत आली. तिने पाचपर्यंत मोजलं आणि खटका पुन्हा वर केला.

काही नाही! एकही ट्यूब लुकलुकली नाही. बावीस ट्यूब, सगळ्या निपचित.

"हे काय?" अंधारात अध्यक्षबाईंचा आवाज आला. "आत्ता तर पेटल्या होत्या!"

उत्तर आलं ते भलत्याच ठिकाणाहून. कोपऱ्यातल्या टेबलाजवळून. खुळुक खुळुक! खुळुक खुळुक!

ढब्बू बिस्किटांचा डबा वाजवत दारातल्या उजेडात आला आणि समितीसमोर त्याने झाकण उघडलं. आत बावीस स्टार्टर गुण्यागोविंदाने पडले होते.

"बिस्किटं घेणार कुणी?" त्याने विचारलं.

काटकसरकाका मटकन खुर्चीत बसले. मग सगळं बाहेर आलं. बांबू, पाइप आणि डबा.

"पण माझं काय चुकलं?" ते काकुळतीला आले. "ट्यूब पेटल्यावर ती डबी नुसती झोपा काढते, असं ताईच म्हणाल्या! झिजू नये म्हणून काढून ठेवतो. दाढी झाल्यावर वस्तरा कुणी गालाला लावून बसतं का?"

समितीतल्या एका गृहस्थांना ठसका लागला. अध्यक्षबाईंनीही ओठ दाबून धरले.

"पण एकाचा वस्तरा कुणी दुसऱ्याच्या गालाला लावत नाही," त्या म्हणाल्या. "दोन जातींचे स्टार्टर तुम्ही एकत्र कालवलेत आणि बोल लावलात या बाईंना. यापुढे विजेच्या कुठल्याही वस्तूला तुमचा हात लागता कामा नये. आणि आत्ता, इथेच, माफी लिहून द्या. कोऱ्या कागदावर!"

कोरा कागद घेताना काकांनी तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. पण त्यांनी लिहिलं, आणि मावशीसमोर मान खाली घालून म्हणाले, "ताई, मला खरंच ठाऊक नव्हतं हो."

"मीही गमतीत बोलले, नीट सांगायला हवं होतं," मावशी म्हणाली. "निजलेला असला तरी त्याला जागेवरून हलवायचा नाही, काका."

अध्यक्षबाईंचा चेहरा उजळला. "शाबास रे! शाळेचं कामही यांच्याकडेच द्यायला मी सांगते. पण हे शोधलं कुणी? तू ना?" त्यांनी थेट चष्मिसच्या पाठीवर हात ठेवला. "चष्म्यावरूनच ओळखलं मी!"

ठिणगीला पुन्हा तोच हेवा वाटला! एवढं सगळं झालं तरी तो गेला नव्हता.

"नाही बाई," चष्मिस म्हणाला. "हिने पाहिलं आधी. मेन स्विचची युक्तीही हिचीच."

"हो का? वा गं! केव्हा पाहिलंस?"

'काल' म्हणता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं.

"बुधवारी," ठिणगी म्हणाली. "आणि मी कुणाला सांगितलं नाही. याला ओरडा बसत होता तरी. मला याचा हेवा वाटत होता."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बत्तीस वर्षं शाळेत काढली मी," त्या हळूच म्हणाल्या. "हेवा करणारी मुलं वर्गभर असायची. असं उभं राहून सांगणारी तू पहिलीच. शाबास, दोघांनाही! आणि त्या बिस्किटवाल्यालाही!"

समितीची मंडळी गेली. आता बावीसच्या बावीस स्टार्टर परत लावायचे होते. मावशीने मेन स्विच बंद केला, दार सताड उघडून उजेड घेतला, शिडी पहिल्या टेबलापाशी उभी केली. ठिणगी सवयीने शिडी धरायला पुढे झाली.

"शिडीला हात लावू नकोस," मावशी म्हणाली.

ठिणगी मागे सरली. तिचे डोळे भरून आले. बरोबरच होतं म्हणा. दुसरं काय मिळणार होतं तिला?

"खाली उभी राहून फार डोकं चालवतेस तू," मावशी म्हणाली. तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. "वर चढ. आज मी खाली. चढ की गं ठिणगे, बघतेस काय?"

ठिणगे! कालपासून पहिल्यांदाच ती हाक ऐकून ठिणगीला समोरची शिडीसुद्धा दिसेना. बाहीने डोळे पुसून ती चढली. एक, दोन, पाच, सात पायऱ्या. हॉल किती लहान दिसत होता वरून! ट्यूबची पट्टी आता तिच्या नाकासमोर होती आणि रिकामं होल्डर तिची वाट पाहत होतं.

"स्टार्टर!" ती ओरडली आणि तिने हात खाली केला.

खाली चष्मिसने डब्यातून एक डबी उचलली, चष्म्याजवळ धरून वाचली, आणि वर दिली. मग थोडा थांबून म्हणाला, "वाचून बघ. नाहीतर म्हणशील, चुकीचा दिला."

ठिणगीने मूठ उघडून पाहिलीसुद्धा नाही. तिने तो स्टार्टर तसाच होल्डरमध्ये घातला आणि पिळून घट्ट बसवला.

"पुढचा दे," ती म्हणाली.